सहावी वाटी

माझ्याकडे स्टीलच्या सहा वाट्या होत्या, आता पाच आहेत. सहावी हरवलेली नाही, कुणी चोरलेलीही नाही. ती कोणाकडे आहे हे मला पक्कं माहीत आहे. कुठे आहे, हे मात्र परवापर्यंत माहीत नव्हतं.

सौदीतल्या यान्बूचं हे घर आवरायला घेतलंय. ह्यांची नोकरी या महिन्याअखेर संपते. कारखान्यातले मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळायचं त्यांचं काम आता इथलाच एक सौदी इंजिनीयर करणार. आवरताना जुन्या अरबी वर्तमानपत्रात एकेक वाटी गुंडाळत गेले आणि पाचावर हात थांबला. इतकी वर्षं झाली तरी दरवेळी हात थांबतो आणि दरवेळी मी मूर्खासारखी कपाटात वाकून बघते.

वाट्या लग्नातल्या. आईने गुहागरच्या भांड्यांच्या दुकानात स्टुलावर बसून त्यांच्यावर अक्षरं घालून घेतली होती. दुकानदाराने विचारलं, "मुलीचं नाव काय घालू? माहेरचं की सासरचं?" आई म्हणाली, "नावं बदलतात हो. नुसतं 'आईकडून' घाला." त्याने मशीन टर्रर्र फिरवत सहाही वाट्यांवर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उमटवली. तेव्हा मला ते गावठी वाटलं होतं. मैत्रिणींच्या भांड्यांवर कशी ठसठशीत नावं होती! आई जाऊन आता तीन वर्षं झाली, आणि घासताना त्या ठिपक्यांवरून बोट फिरवल्याशिवाय एक वाटी माझ्या हातून खाली ठेवली जात नाही.

वाट्यांबरोबर मी आणखी एक गोष्ट आणली होती, खवणीची विळी. ह्यांनी फोनवर बजावलं होतं, इथे डब्यात नारळाचं दूध मिळतं, नसता लोखंडी भार आणू नकोस. मी आणलीच. जेद्दाच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने ती बाहेर काढली, दातेरी टोकाला बोट लावलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाचा तरी गळा कापायला आले आहे. ह्यांना ऐन वेळी शब्द आठवला, "जोज-हिंद!" म्हणजे नारळ. मग मी तिथेच पाटावर बसल्याचं सोंग करून हवेतला नारळ खवून दाखवला. तो हसला, "यल्ला, यल्ला" म्हणजे चला, चला, असं म्हणत त्याने जाऊ दिलं. अशी माझी विळी सौदी अरेबियात दाखल झाली आणि पुढे वर्षभर ओट्याखाली पडून राहिली. खरंच डब्यात दूध मिळत होतं. ह्यांनी मला ते ऐकवायची एक संधी सोडली नाही.

नेना समोरच्या दारात राहायची. फिलिपिनो, चाळिशीच्या आसपासची. एका खाजगी दवाखान्यात काउंटरवर बसून पेशंटच्या फायली लावायची. वर्षभर आमचं नातं जिन्यातल्या हसण्यापुरतं होतं. ते पुढे सरकलं माझ्या फजितीमुळे.

चतुर्थी होती. इथे उघड पूजा चालत नाही, म्हणून आमचा गणपती म्हणजे कपाटाच्या आतल्या बाजूला लावलेला फोटो. दार उघडलं की देव, लावलं की कपाट. नैवेद्याला मोदक तर हवेतच. फिलिपिनो बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मला तांदळाच्या पिठाचं पाकीट मिळालं होतं, पांढरंशुभ्र, रेशमासारखं. त्यावर लिहिलं होतं की हे चिकट तांदळाचं आहे. मी मनात म्हटलं, वा! चिकट म्हणजे उकड छान होणार, पाऱ्या फाटायच्या नाहीत. आमच्याकडच्या सुगरणी उकडीला चिकटपणा यावा म्हणून जिवाचा आटापिटा करतात, आणि इथे तो पाकिटातच!

दहा मिनिटांनी झाकण उघडलं तर मोदकपात्रात एकही मोदक नव्हता. अकरा मोदकांनी एकमेकांच्या गळ्यात गळे घातले होते आणि सगळ्यांचा मिळून एकच लोळागोळा झाला होता. मधून गुळाचं सारण डोळे वटारत होतं. मी ओट्यापाशी उभी राहून रडले. खोटं कशाला सांगू, भोकाड पसरलं.

दारावर टकटक झाली. नेना. हातात कचऱ्याची पिशवी, म्हणाली, "सिस्टर, सगळं ठीक ना?" आमची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि त्यात मिळतील तशा अरबी कण्या, इथे मराठीतच लिहिते. मी मोदकपात्राकडे बोट केलं. ती वाकली, बघितलं आणि हसत सुटली. मला तिचा असा राग आला!

"अगं हे पीठ वाफवून आकार धरणारं नव्हेच," ती म्हणाली. "आहे का अजून?"

पाकिटात होतं. तिने बाह्या वर सारल्या, पीठ गार पाण्यात मळलं, लिंबाएवढे गोळे तळहातावर चापट केले आणि उकळत्या पाण्यात सोडले. ते तळाशी गेले. आम्ही दोघी पातेल्यात वाकून बघत उभ्या. थोड्या वेळाने एकेक चकती आपण होऊन वर आली. "वर आलं की झालं," ती म्हणाली. मग तिने त्या माझ्या उरलेल्या ओल्या खोबऱ्यात घोळवल्या, वर साखर आणि भाजलेले तीळ. त्याला ती पालिताव म्हणत होती. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच, मी तेच केळीच्या चतकोर पानावर ठेवून कपाटाचं दार उघडलं. नेनाने फोटोकडे बघून हळूच छातीवर क्रूस काढला आणि ओठांवर बोट ठेवलं. तिच्याकडेही असंच एक कपाट होतं, हे मला नंतर कळलं. तर त्या वर्षी आमच्या बाप्पाने पालिताव खाल्लं, आणि कोपला बिपला काही नाही.

जाताना मी तिला एका वाटीत सारण दिलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, आत पुतो. पुतो म्हणजे इडलीची गोड मावसबहीण, वर चक्क चीजचा तुकडा. मी म्हटलं, "अगं, वाटी नुसती द्यायचीस."

"रिकामं भांडं परत? माझ्या आईने मारलं असतं मला."

"माझ्याही," मी म्हटलं.

झालं, मग ती वाटी दोन दारांच्या मधली झाली. ती कधी माझ्या घरी रिकामी आली नाही आणि कधी तिच्या घरी रिकामी गेली नाही. शुक्रवारी सकाळी जुम्म्याच्या आधी सगळं यान्बू निपचित असायचं, कारखान्यांचा वास समुद्राकडून यायचा, आणि त्याला बाजूला सारत समोरच्या दाराच्या फटीतून वाफवलेल्या तांदळाचा वास यायचा. कधी कुचिंता, तपकिरी आणि थुलथुलीत, वर खोबरं. कधी सुमान, फ्रीझरमधल्या केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात. आणि तुरोन! पापुद्र्यात केळं आणि फणसाचा गरा गुंडाळून साखरेत तळलेलं. फणस दिसल्यावर मी काय बोलणार? पहिला घास तोंडात ठेवला आणि माझ्या माहेरचा सगळा मे महिना आठवला. माझ्याकडून घावन जायचे, सांदणं जायची, नारळाच्या वड्या जायच्या. एकदा तिने वाटीवरच्या ठिपक्यांवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?" मी सांगितलं. त्यानंतर वाटी परत यायची ती विम लावून लखलखीत घासलेली.

मग निताकतचं, म्हणजे नोकऱ्या आधी सौदींना देण्याच्या नियमाचं वर्ष आलं. जो तो तेच बोलू लागला. कुठल्या कंपनीत किती सौदी आणि किती परके, त्यावरून कंपनीला रंग मिळायचा. हिरवा असला तर निभावलं, लाल असला तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवा होत नाही. किराणा दुकानात, दवाखान्याच्या बाकड्यावर, शाळेच्या फाटकाशी बायका एकमेकींना विचारायच्या, "तुमचा रंग कोणता?" नेनाचा दवाखाना लाल निघाला. काउंटरवर सौदी मुलगी बसणार असं ठरलं, आणि तिला काम शिकवायचं नेनानेच.

मला संताप आला. मी म्हटलं, "अर्धंच शिकव."

"का?" नेना म्हणाली. "तिच्या गावात तिला नोकरी लागतेय, तिचा काय गुन्हा? आणि मी अर्धं काम शिकवलं तर पेशंट मला शिव्या घालतील." त्या मुलीला तिने इतकं नीट शिकवलं की शेवटी ती मुलगीच रडली.

नेनाला जायला पाच आठवडे होते. नऊ वर्षांनी ती घरी जाणार होती. तिची मुलगी बारा वर्षांची झाली होती आणि त्यातली नऊ वर्षं नेनाने फोनवर पाहिली होती. एका संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि तिने सगळं सांगितलं. तिची आई गावच्या बाजारात खाऊ विकायची. ती गेली तेव्हा नेनाला इथून सुट्टी मिळाली नाही. बाजारातली आईची जागा धाकट्या बहिणीने अजून धरून ठेवली होती. पण लोक तिथे यायचे ते बीकोसाठी. बीको म्हणजे नारळाच्या दुधात आणि काळ्या साखरेत शिजवलेला चिकट तांदूळ, थाळीत थापलेला, आणि त्यावर लातिक पसरलेलं. लातिक म्हणजे नारळाचं दूध आटवून आटवून शेवटी उरतो तो तपकिरी रवाळ चुरा. त्याच्याशिवाय बीको म्हणजे नुसता गोड भात. बहिणीला ते येत नव्हतं. नेना विसाव्या वर्षीच कामासाठी शहरात निघून गेलेली, तिनेही कधी शिकून घेतलं नव्हतं.

"बीको जमलं तर मी घरी राहीन," ती म्हणाली. "नाही जमलं तर दोन महिन्यांत पुन्हा एजंट. कुवेत नाहीतर कतार. पुन्हा फोनवर आई व्हायचं."

"मग कर की."

"अकरा वेळा केलं. दूध फुटतच नाही. पांढरं ते पांढरंच, खळीसारखं घट्ट होतं आणि करपतं. माझ्या हातालाच आईचा गुण नाही."

तिने पुन्हा करून दाखवलं. डबा फोडला, दूध आटवलं, तास झाला. खळच. ती चमच्याने खरवडत होती आणि मी शेजारी उभी राहून विचारत होते, मूळचं कसं दिसायचं, कसं लागायचं. ती म्हणाली, "दिसायचं काय, आधी वास यायचा. तेलाचा. गोड तेलाचा. मग आम्ही पोरं भांड्याभोवती जमायचो."

आणि मला वास आला. खरंच आला. ताईच्या बाळंतपणात आईने परसातल्या चुलीवर नारळाचा रस कढवून बाळाच्या मालिशचं तेल काढलं होतं. तेल बाटलीत भरलं की बुडाशी तपकिरी चुरा राहायचा, त्यावर साखर भुरभुरून आम्ही भावंडं भांडत खायचो. त्या चुऱ्याला आमच्याकडे कुणी पक्वान्न मानलं नव्हतं. तो उरलेला म्हणून पोरांच्या वाट्याला.

मी ओट्याखाली वाकले, विळी ओढून काढली, आणि तो डबा उचलून कचऱ्यात टाकला. "तुझ्या हाताला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "हे दूधच फुटणारं नव्हे, यात फुटू नये म्हणूनच काहीतरी घालतात. नारळ आण."

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. शेंडी तुटो की पारंबी, ही बाई लातिक शिकल्याशिवाय विमानात चढणार नाही. यान्बूतले नारळ म्हणजे कधीचे कुठून आलेले, आठ फोडावेत तेव्हा तीन खवट निघायचे. ह्यांना मी गाडी घेऊन सगळ्या बाजारांत पिटाळलं. ते कानाशी नारळ हलवून पाणी वाजतंय का बघायचे आणि दुकानदार त्यांच्याकडे संशयाने बघायचे. मी जमिनीवर पाट टेकवून खवायला बसायचे, नेना फडक्यात घालून पिळायची. पहिल्या खेपेला घाईत गॅस मोठा झाला आणि सगळं काळं ठिक्कर पडलं. नेना म्हणाली, "खलास. जाऊ दे." मी म्हटलं, "जाऊ बिऊ काही द्यायचं नाही." आणि गुहागरला आईला फोन लावला.

आईने आधी विचारलं, "तेल कशाला काढतेस? काही बातमी आहे की काय?"

"नाही गं. शेजारणीला चुरा हवाय."

"चुरा हवाय?" आई म्हणाली, "ऐक. पहिल्या रसात पाण्याचा शिंतोडासुद्धा नको. बुड जाड असलेलं भांडं घे. आच मंद. ढवळणं सोडलंस की करपलंच म्हणून समज. आणि तेल सुटलं की लगेच उतरव, रंग त्याचा तो पुढे चढतो. आता फोन ठेव, एका हाताने काय ढवळशील!"

मी फोन ठेवला. आम्ही पाळीपाळीने ढवळलं. रस उकळला, दाटला, मग कडेने फाटायला लागला. पांढऱ्या कण्या सुटल्या, त्यांच्याभोवती पाण्यासारखं नितळ तेल आलं. कण्या पिवळ्या झाल्या, मग बदामी. आणि घरभर तो वास सुटला. समोरच्या घरात नेनासोबत राहणाऱ्या दोघी जणी दार उघडून बाहेर आल्या. नेनाने भांडं उतरवलं, एक कणी फुंकून तोंडात टाकली आणि माझ्या विळीशेजारी फरशीवर बसकण मारली. "इनाय," ती म्हणाली. तिच्या भाषेत आई. मला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

उरलेल्या आठवड्यांत तिने सात वेळा लातिक केलं. शेवटच्या चार वेळा मी मुद्दाम हात मागे बांधून उभी राहिले. बीकोला तिच्या गावची काळी साखर मिळेना, तर माझ्याकडचा कोल्हापुरी गूळ घातला, आणि ती म्हणाली की हे आईच्यापेक्षा बरं झालंय, पण हे बहिणीला सांगू नकोस.

जायच्या दिवशी शेवटचं लातिक वाटीत होतं, वर घट्ट प्लास्टिक बांधलेलं. बहिणीला दाखवायला की हे असं व्हायला हवं. मी म्हटलं, "वाटीसकट ने."

"रिकामी परत नाही करणार हं."

"करूच नकोस," मी म्हटलं. खाली गाडी वाजत होती.

नंतर दोन-तीन मेसेज आले. मग तिचा नंबर बदलला, माझा बदलला, धागा तुटला. समोर दुसरं कुणी राहायला आलं. मला मनातून एकच भीती होती. गल्फमधून परत गेलेल्या किती बायका वर्षाच्या आत पुन्हा एअरपोर्टवर दिसतात, हे मी इथे राहून पाहिलेलं आहे. दरवेळी वाट्या मोजताना वाटायचं, ती कुवेतच्या कुठल्या तरी खोलीत असेल आणि वाटीत सेफ्टी पिना ठेवल्या असतील.

परवा पाच वाट्या गुंडाळल्यावर मी फेसबुक उघडलं आणि तिच्या मुलीचं नाव टाकून बघितलं. तासाभरात सापडली, चांगली मोठी दिसते. मी लिहिलं, "नेना कुठे आहे? मी यान्बू सोडून घरी चालले आहे, तिला सांग." झोपायच्या आधी दोनदा बघितलं, उत्तर नव्हतं. सकाळी एक फोटो आला होता.

बाजारातला एक ओटा. केळीच्या पानावर थापलेलं बीको, सुमानच्या जुड्या, पुतो. मागे नेना, केस पांढरे झालेले, अंगाने भरलेली. आणि पुढे, अगदी गिऱ्हाइकाच्या नाकासमोर, माझी वाटी. काठोकाठ लातिक. अक्षरांची बाजू मुद्दाम बाहेर वळवलेली. त्या अख्ख्या बाजारात ती वाचता येणारं कुणी नसेल, आणि तिथे लिहिलेलं होतं, 'आईकडून'.

खाली मेसेज: "वाटी परत करायची राहिली. रिकामीच होत नाही. मी कुठेही गेले नाही."

मी तो फोटो घेऊन ह्यांच्याकडे गेले. ते बॅगांचं वजन करत होते आणि विळीकडे बघून म्हणत होते, ही आता तरी इथे सोड. पुढचं ठरलेलं नाही म्हणून ते गेले काही दिवस गप्प गप्पच असतात. मी विळी फडक्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातली.

"गुहागरला जाऊन काय करणार आहेस हिचं?" त्यांनी विचारलं.

"पर्यटक येतात तिथे घराबाहेर टेबल मांडणार. उकडीचे मोदक. आणि शेजारी बीको."

"गुहागरात बीको कोण खाणार?"

मी फोटो त्यांच्यासमोर धरला. "तिथे 'आईकडून' कोण वाचतं?"

त्यांनी फोटो बघितला. मग चेन ओढून बॅग बंद केली आणि म्हणाले, "नारळ तरी खवट नसतील."